शुक्रवारचा म्हातारा तांडेल

वासू, तुझ्या तिरडीला मी खांदा दिला नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा गैरसमज नको. माणसं वळली, माझ्याकडे बघितलं, एकाने जागा करून दिली. मी हात मागे बांधून चालत राहिलो. तू असतास तर म्हणाला असतास, "भिवा, मेल्या, खांदो दुखता काय तुझो?" दुखत नव्हता. राग होता. तो अजून आहे.

वहिनी म्हणाल्या, भावजी, दशावताराचं मंडळ त्यांच्यावर पुस्तिका काढतंय, तुम्ही लिहा. मंडळाच्या माणसाने छापील कागद आणून दिला. जन्म, भूमिका, मानसन्मान, पुढे रिकामी जागा. तो मी चुलीत घातला. मी चौथी शिकलेला माणूस, त्यातल्या दोन यत्ता तुझ्या पाटीत बघून. रिकाम्या जागा भरायला मला येत नाही. तू राजे केलेस, राक्षस केलेस, गुडघे गेल्यावर मंडळीला आख्यान सांगायला बसलास, हे सगळ्या आरोंद्याला ठाऊक आहे. दशावतारात नाटक लिहिलेलं नसतं. कोणीतरी गोष्ट सांगतो, आणि बोलायचं ते ज्याचं त्याने उभं राहून सुचवायचं. त्यात तुझा हात धरणारा कोणी नव्हता. झालं. एवढे मानसन्मान पुरे.

मला लिहायचं आहे ते शुक्रवारचं. ते तुला, मला आणि सदूलाच ठाऊक.

तू ते मला चहाच्या टपरीवर सांगितलंस. माझ्याकडे न बघता, बशीत फुंकर घालत.

"सदूचो फोन इल्लो."

"कोण सदू?"

"तुझो झील."

"माका झील नाय."

"बरां. मगे मस्कतासून कोणाचो तरी झील फोन करता. तेंका खेळवूक माणूस व्हयो आसा. पैसे देतले म्हणता."

"खेळवूक? तो काय पाळण्यात आसा?"

मग तू समजावलंस. मस्कतला सदू धरून चौघे एका खोलीत राहतात. शुक्रवारी सुट्टी. कंपनीतल्या कोणा गोऱ्या साहेबाने त्यांना एक खेळ शिकवला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं सोंग घेऊन सांगतात, मी भिंतीवर चढतो, मी दार फोडतो. जमलं की नाही ते फासा टाकून ठरतं. गोष्ट सांगणारा बाकी सगळं असतो. राजा तो, पहारेकरी तो, वारा तो, पाणीही तोच. साहेब बदलून गेला आणि गोष्ट सांगणारा कोणी उरला नाही. तेव्हा सदूला तू आठवलास. मस्कतहून ते बोलणार, तू सावंतवाडीच्या नेट कॅफेत बसून खेळवणार, आणि दर खेळाचे पैसे तुला पोचणार.

"म्हणजे दशावतारच की," मी म्हटलं. "फक्त तोंडाक रंग नाय."

"रंग नाय, झांज नाय, बघणारे पण नाय. नाचतत तेच बघतत."

"सत्तरी इली तुझी. आता पगारी आया म्हणान ऱ्हवलंस काय रे?"

तू हसलास. "व्हय तर. पण आयेक चार झील एकदम गावले. तुका एक होतो, तो पण तू..."

तिथे थांबलास. मी चहा अर्धा टाकून उठलो.

वाचणाऱ्याला ठाऊक नाही म्हणून सांगतो. सदूची आई गेली तेव्हा सदू आला नाही. कंपनीने पासपोर्ट अडकवून ठेवला, असं म्हणाला. मी तिला तिसऱ्या प्रहरापर्यंत अंगणात ठेवली. मग शेजारच्यांनी मला धरून उठवलं आणि अग्नी मी दिला. बाराव्याला त्याचा फोन आला. मी म्हटलं, माझो झील तिच्यावांगडाच जळलो, आता हंय फोन करू नको. सहा वर्षं त्याने केला नाही. पोरगा माझाच. हट्टाला कमी कसा पडेल?

चार दिवसांनी मी तुझ्या पडवीत आलो. नारळ ठेवला, त्यावर नोट ठेवली. नाटक ठेवणारा यजमान ठेवतो तशी.

"माका त्या खेळात घी. सदूक कळता नये."

तू नोटेकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं, बाप विरघळला. खरं सांग, तसंच वाटलं ना? डोळ्यांत पाणी बिणी आणलंस. मला काय पाहिजे होतं ते मलाही ठाऊक नव्हतं, पण विरघळायला मी गेलो नव्हतो. माझा मुलगा माझ्याच दोस्ताला पैसे देऊन त्याचं बोलणं ऐकतो, आणि मी इकडे भिंतीशी बोलतो, हे मला सोसत नव्हतं.

युक्ती तुझीच. गोष्टीत एक म्हातारा तांडेल घातलास. खाडीच्या मुखावर एकच होडी, ती त्याची. सदूचं सोंग पाणबुड्याचं. बुडालेल्या जहाजापर्यंत जायचं तर चौघांना त्या तांडेलाकडेच यावं लागणार. तांडेल मी. पण बोलायचं तू. मी तुझ्या कानात सांगणार, तू ते म्हाताऱ्याच्या आवाजात सांगणार. माईकला एक बटण होतं. मी कानाशी आलो की तू ते दाबून धरायचास, म्हणजे पलीकडे ऐकू जात नसे.

शुक्रवारी दुपारी जेवून आपण एसटीत बसायचो. पुतणीच्या लग्नाला निघाल्यासारखा तू इस्त्रीचा सदरा घालायचास. पिशवीत वही आणि तो वीस तोंडांचा फासा. सावंतवाडीतल्या लाकडी खेळण्यांच्या कारागिराकडून करून घेतला होतास, लाखेचा रंग देऊन. कारागिराने विचारलं होतं म्हणे, एवढी तोंडां कशाक, माणसाक एक सांभाळणा जमणा नाय.

पहिल्या शुक्रवारी स्पीकरमधून आवाज आला, "काका, ऐकू येता मां?" आवाज जाड झाला होता. मी खुर्चीचा हात धरला. खुर्ची डगमगत होती.

तू गोष्ट सुरू केलीस. दाराला पडदा असलेल्या त्या एवढ्याशा खोपट्यात तू खाडी आणलीस, रे. चिखलाचा वास, ओहोटी, पलीकडच्या गोव्याच्या बाजूला दिसणारा दिवा. मी जन्म त्या खाडीत काढला आणि तुझ्या तोंडून पहिल्यांदा बघितली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझं डोकं आधीच सुजलेलं होतं.

मग सदूचा पाणबुड्या तांडेलाच्या दारात आला. "तांडेलानू, होडी देशात काय?"

मी कानात म्हटलं, "सांग तेका, आवशीक पोचवूक येवक नाय गावला, आता होडी बरी आठवली."

तू बटण सोडलंस. घसा खरवडून म्हाताऱ्याचा आवाज काढलास आणि म्हणालास, "होडी आसा रे पोरा. उशीर केलंस पण. बस. आधी पेज जेव."

परत येताना एसटीत आपलं भांडण झालं. कंडक्टर मागे वळून बघत होता.

"मी सांगितलंय ता बोल्लंस नाय."

"बोल्लंय. उशीर केलंस म्हटलंय मां?"

"पेज मी खंय दिली तेका?"

"तुझ्या बोलण्यात होती. तुका गावली नाय, माका गावली."

"पैसे मी दिलंय, वासू."

"पैसे बोलण्याचे दिलंस. तोंड माझा आसा."

हे आपलं भांडण पुढचे सगळे शुक्रवार चाललं. मी विष द्यायचो, तू त्याचं कोकम करून वाढायचास. मी म्हणायचो, चोर तो, होडीला हात लावू देऊ नको. तू म्हणायचास, "हात जपान लाव, फळी जुनी आसा, लागात तुका." आणि प्रत्येक वेळी मी मान वळवून तुझ्या तोंडाकडे बघायचो, आता हा काय करून ठेवतो म्हणून. रागाने बघायचो. पण बघायचो.

एकदा गोष्टीत सदूला भाला लागला. फासा वाईट पडला. मी म्हटलं, मरांदे. तू म्हणालास, "हात दी हंय. रगात मोप गेला. खंयचो रे तू? आवस खंय आसा तुझी?"

पलीकडे त्याचे दोस्त फाशावर हसत होते. मग सदू म्हणाला, "आवस नाय, तांडेलानू. मी पोचूक नाय."

ते खेळातलं नव्हतं. त्याच्या दोस्तांनाही कळलं असावं, हसणं बंद झालं. तू बटण दाबून माझ्याकडे बघत राहिलास. तुझं ते बघणं मला अजून दिसतं. मी म्हटलं, "पुढे चल." दोन शब्द. तू बटण सोडलंस आणि त्या दोन शब्दांचं काय केलंस! "येळार पोचणा सगळ्यांक जमणा नाय, पोरा. ह्या पाण्याक सुदिक भरतीची वाट बघूची लागता."

पलीकडे सदू नाक ओढत होता. मी उठून बाहेर गेलो, उसाचा रस प्यालो, आणि तुझ्यासाठी आणला नाही.

त्यानंतर तो तांडेलाच्या मागेच लागला. जहाज राहिलं बाजूला. तांडेलानू, जाळा कशा विणतत? तांडेलानू, वारो कसो वळाकतास? मी पोटच्या पोराला जे कधी शिकवलं नाही, कारण त्याने विचारलं नाही आणि मी बोलावलं नाही, ते तो तुझ्या तोंडाला विचारत होता. धंद्याचं होतं तेवढं मी खरं सांगत होतो. माया तू वर ओतत होतास. पोराचा जीव जडला तो तुझ्या ओतण्यावर. होडी माझी, हात माझे, आणि बाप तू.

शेवटच्या शुक्रवारी तो म्हणाला, "तांडेलानू, तुमी माझो बापूस आसतात, तर बरा झाला असता."

तू खूश झालास. लपवू नको. बटण दाबून माझ्याकडे वळलास तेव्हा तुझ्या तोंडावर दिवा लागल्यासारखं होतं. तुला वाटलं, आता हा कबूल होणार. सत्तर वर्षांत तू मला एवढंच ओळखलंस.

गोष्टीत होडी खाडीच्या मुखाशी पोचली होती. लाट आली, सदू पाण्यात पडला, दोर तांडेलाच्या हातात. तू मला विचारलंस, "काय करता तांडेल?"

"दोर सोडता."

"भिवा."

"सोडता. बुडय तेका."

तू फासा उचललास. "बरां. फासो टाकूया. पडात ता पडात."

मी तुझ्या हातातून फासा ओढून घेतला. मी तुझ्या पडवीत नारळ ठेवला होता, तुला ठाऊक होतं. आपल्या गावात नाटक ठेवतो तो यजमान, आख्यान कुठचं व्हायचं ते तो सांगतो. आजोबांपासून बघतोय. एखाद्या यजमानाने म्हटलं, आज राक्षस मेला पाहिजे, तर मंडळीने राक्षस जिवंत ठेवलेला ऐकला आहेस कधी?

"नारळ माझो," मी म्हटलं. "आख्यान माझा."

"हंय यजमान नसता, रे. फासो सगळ्यांक सारको. ते चौघे पण पैसे देतत."

"मगे ते नोकर तुझे, की तू तेंचो?"

"कोण कोणाचो नाय. म्हणान तर खेळूक मजा येता."

"बुडय म्हणतंय मां तेका!" मी ओरडलो. "बुडय!"

आणि स्पीकरमधून हळू आलं, "बाबा?"

तुझा हात मांडीवर होता. बटणावर नव्हता.

त्या वेळी मला काहीही बोलता आलं असतं. तू तोंड उघडलं नाहीस. तुझ्या आयुष्यात तू एकदाच गप्प बसलास, आणि ते तेव्हा. मी माईक तुझ्याकडून माझ्याकडे ओढला आणि म्हटलं, "बुड."

मग पडदा बाजूला करून निघालो. मागे तू त्यांच्याशी काहीतरी बोललास. काय, ते मी ऐकलं नाही, आणि पुढे विचारलं नाही. फासा मुठीत तसाच घरी आला. अजून आहे. टाकून बघत नाही.

ते बटण, वासू. विसरलास की मुद्दाम? मी नंतर एकदा तुझ्या पडवीच्या बाहेरूनच विचारलं होतं, चप्पल न काढता. तू म्हणालास, "हात थकलो होतो." पागराचं जाळं फेकून थकतात हात, बटण दाबून थकत नाहीत. तू मुद्दाम केलंस. आम्हा दोघांना एका होडीत ढकललंस आणि वल्हं काढून घेतलंस. तुला वाटलं असेल, बुडायची वेळ आली की माणसं एकमेकांना धरतात. मी आयुष्यभर पाण्यात आहे, मी सांगतो. बुडणारा माणूस दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देतो.

मस्कतवाल्यांचा खेळ मोडला. सदू बसेना, मग बाकीचे तिघेही सुटले. तरी तू चार शुक्रवार इस्त्रीचा सदरा घालून वाडीला गेलास. कॅफेत बसायचास म्हणे, यंत्र चालू करून. मला एसटी स्टँडवर दिसलास तो शेवटचा. सांगतो ते, कारण मला ते गिळता येत नाही. मी म्हटलं, "काय रे, आता कोण पैसे देता तुका बोलूक?"

तुला लागलं. मला दिसलं लागलेलं. आणि तरी हसलास. "फुकट बोलतंय मगे. तुझ्यावांगडा जलमभर फुकटच बोल्लंय."

गाडी आली, तू चढलास. मी हात केला नाही. पंधराव्या दिवशी वहिनी दारात आल्या, केस मोकळे, आणि मला कळलं.

मी तुझी क्षमा मागायला हे लिहीत नाही. मेल्या माणसाकडे क्षमा मागणं सोपं, तो नाही म्हणत नाही. तू माझं बोलणं बदललंस, याचा राग आहे. आणि तू बदललंस नसतंस तर ते आठ-नऊ शुक्रवार मला मुलाचा आवाज ऐकू आला नसता, पहिल्याच दिवशी त्याने यंत्र बंद केलं असतं, हेही मला कळतं. दोन्ही लिहितो. तुला त्यातलं पाहिजे ते घे.

तुझ्या दहाव्याला सदू आला.

आईला न आलेला सदू तुझ्या दहाव्याला आला. या वेळी पासपोर्ट मिळाला. खाडीच्या काठावर तुझा पुतण्या पिंडाची तयारी करत होता, न्हावी दगडावर वस्तरा घासत होता, आणि हा बॅग खांद्यावर तशीच ठेवून उतारावरून खाली आला. पोट सुटलंय. मिशी माझ्यासारखी, टोकं खाली. सगळा गाव बघत होता. तो सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला. पाया पडला नाही.

"बाबा, एकच इचारतंय. तांडेल बोलत होतो ता तुमचा होता, की काकांचा?"

"खंयचा?"

"आधी पेज जेव म्हणालो ता. येळार पोचणा सगळ्यांक जमणा नाय म्हणालो ता. मी काकांक फोन करून इचारलंय. ते म्हणाले, माका इचारू नको, तुझ्या बापाशीक इचार. म्हणान इलंय."

म्हणजे तू त्याला सांगितलं नव्हतंस. मरेपर्यंत सांगितलं नाहीस. ते सगळं बोलणं तू माझ्या नावावर मोकळं ठेवून गेला होतास. मी हो म्हटलं असतं तर खोटं पाडायला कोणी नव्हतं. पोराच्या तोंडावर दिसत होतं, त्याला हो पाहिजे होतं. एवढ्या लांबून तो त्या एका 'हो'साठी आला होता.

पण वासू, दुसऱ्याच्या जाळ्यातला मासा मी कधी माझ्या टोपलीत घातला नाही. तुझा तर नाहीच.

"एकय माझा नाय," मी म्हटलं. "सगळा वासूचा. माझा एकच. बुड म्हटलंय ता."

त्याने मान हलवली. दुकानात जिन्नस नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी. बॅग खाली ठेवली, सदरा काढला आणि न्हाव्यापुढे जाऊन बसला.

न्हावी गडबडला. "सदू, तू कशाक? पुतण्याचा झाला, बस झाला. बापूस जिवंत आसताना करू नये. तो बघ, उभो आसा."

"डोक्या कर," सदू म्हणाला. "मिशी पण काढ."

काठावर कोणी हलेना. वहिनी तोंडाला पदर लावून बसल्या. न्हावी हात वर धरून माझ्याकडे बघत राहिला. मी नाही म्हटलं असतं तर त्याने वस्तरा ठेवला असता, आणि सदू माझ्याकडे पाठ करून बसला होता तरी त्याची मान ताठ होती, ऐकत होता.

मी म्हटलं, "काढ रे. सांगता ता कर."

आणि बोलून झाल्यावर मी मान वळवली, वासू. तू आता त्याला हे काय म्हणून सांगतोस, ते बघायला. बाजूला तुझा पुतण्या होता, हातात दर्भ घेऊन. वस्तरा चालायला लागला होता.